न्या. विव्हियन बोस : दोन राजवटी, एकच मोजमाप

न्यायाधीशाच्या निर्भयतेचा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते रामशास्त्री प्रभुणे यांचे. १७७३ साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, ही हकीकत आपण शाळेत शिकलो आणि आज आपल्यापैकी अनेकजण ती मुलांना शिकवीत आहेत. ते योग्यच आहे. परंतु रामशास्त्र्यांसमोर उभा असलेला सत्ताधीश हा उघड अपराधी होता आणि लोकांची सहानुभूती शास्त्रीबुवांच्या बाजूला होती. लोकशाहीत न्यायाधीशाची परीक्षा याहून निराळी आणि काही अंशी अधिक कठीण असते. येथे समोरचा सत्ताधीश लोकांनीच निवडलेला असतो. बहुधा तो लोकप्रियही असतो, आणि आपण करतो ते जनतेच्या हितासाठीच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अशा सरकारला नकार देणारा न्यायाधीश हा जुलमाचा शत्रू न ठरता जनतेचाच शत्रू ठरण्याचा संभव असतो. ही दुसरी परीक्षा ज्यांनी दिली त्यांपैकी एक न्यायाधीश आपल्या विदर्भातले होते. त्यांचे नाव विव्हियन बोस.

बोस यांचा जन्म ९ जून १८९१ रोजी अहमदाबाद येथे झाला. पण त्यांचे घराणे नागपूरचे. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे त्यांचे आजोबा. विव्हियन यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, डलिच येथील शाळेत व पुढे केंब्रिजच्या पेंब्रोक महाविद्यालयात झाले. १९१३ साली ते बॅरिस्टर झाले आणि नागपुरास येऊन वकिली करू लागले. १९२४ ते १९३० या काळात ते नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर काही वर्षे मध्य प्रांताच्या सरकारचे वकील म्हणून त्यांनी काम पाहिले. १९३६ च्या जानेवारीत नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले व त्याच वर्षी बोस तेथे न्यायाधीश झाले. १९४९ मध्ये ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ च्या मार्चमध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली.

वऱ्हाडातील वाचकाला या नागपूर न्यायालयाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. केळापूर तालुक्यातला एखादा शेतकरी रस्त्यासाठी वा धरणासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल पांढरकवड्याच्या न्यायालयात उभा राहतो, यवतमाळला जातो, आणि तेथेही समाधान झाले नाही म्हणजे त्याची शेवटची आशा नागपूरच्या त्या दगडी इमारतीवर असते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले व तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. परंतु इमारत तीच राहिली आणि तीत घडलेली परंपराही काही अंशी तीच राहिली. त्या परंपरेच्या घडणीत बोस यांचा वाटा मोठा आहे.

युद्धकाळातील कसोटी

बोस यांच्या न्यायबुद्धीची पहिली मोठी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या चळवळीनंतर भारत संरक्षण नियमांखाली हजारो माणसे विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आली. मध्य प्रांत व वऱ्हाडात चिमूर-आष्टीच्या घटनांमुळे सरकार विशेष बिथरलेले होते. युद्ध चालू असताना सरकारच्या सुरक्षाविषयक निर्णयांत न्यायालयाने पडू नये, अशीच त्या वेळच्या अनेक न्यायाधीशांची वृत्ती होती. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयानेही १९४१ साली हीच भूमिका घेतली होती. अशा वेळी बोस यांनी असे प्रतिपादन केले की, युद्ध असले म्हणून स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार बंद होत नाही; त्याला अटकेत ठेवणाऱ्या सरकारने आपण कायद्याच्या चौकटीत आहोत हे दाखवून दिले पाहिजे. हे प्रतिपादन करणारा गृहस्थ काँग्रेसवादी नव्हता, चळवळीत कधी पडलेला नव्हता, उलट काही वर्षांपूर्वी तो याच सरकारचा वकील होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याच काळाच्या अखेरीस, स्वातंत्र्य उंबरठ्याशी आले असताना, वृत्तपत्रातील मजकुराचा एक प्रश्न त्यांच्यापुढे आला. एखाद्या लिखाणाने समाजात द्वेष पसरतो की नाही हे ठरविताना कोणाच्या नजरेने पाहावयाचे, असा तो मुद्दा होता. बोस यांनी निर्णय दिला की, ही नजर समंजस, खंबीर व धीट माणसाची असली पाहिजे. ज्याला प्रत्येक विरोधी शब्दात संकट दिसते अशा भित्र्या माणसाची ती नसावी. नागपुरात लिहिलेला हा निकष १९८८ साली 'तमस' या दूरदर्शन मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला, आणि २०२५ साली एका खासदाराने प्रसृत केलेल्या कवितेवरून झालेल्या खटल्यात न्या. अभय ओक यांच्या निकालपत्रात तो पुन्हा आधाराला घेण्यात आला. परक्या सरकारच्या काळात कोरलेले माप स्वतंत्र भारतात जवळजवळ ऐंशी वर्षांनी उपयोगी पडते, याचा अर्थ ते माप सरकार पाहून कोरलेले नव्हते असाच होतो.

स्वराज्यातही तेच माप

परक्या सरकारला खडे बोल सुनावणे तुलनेने सोपे असते, कारण त्यामागे देशाभिमानाचे बळ उभे राहते. खरी अडचण येते ती आपले सरकार आल्यावर. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत व प्रांतांत आलेली सरकारे त्यागातून वर आलेल्या माणसांची होती. १९५७ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ४९४ जागांपैकी ३७१ जागा काँग्रेसला मिळाल्या, यावरून त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. या सरकारनेही १९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्या कायद्याखालील प्रकरणे आली तेव्हा बहुमताने सरकारच्या बाजूने निर्णय झाले. मद्रासच्या प्रकरणात आणि दिल्लीच्या प्रकरणात बोस यांनी भिन्नमत निकालपत्र दिले. दिल्लीच्या प्रकरणातील अर्जदार हिंदुमहासभेचे पुढारी होते, मद्रासच्या प्रकरणातील स्थानबद्ध निराळ्या वळणाचे होते. बोस यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. बंदिवान कोण हे न पाहता बंदी कशी झाली एवढेच ते पाहत होते.

१९५२ च्या जानेवारीत अन्वर अली सरकार यांच्या खटल्याचा निकाल लागला. डमडम येथील जेसॉप कारखान्यावर सशस्त्र जमावाने हल्ला केला होता. गुन्हा भयंकर होता आणि जनमत संतप्त होते. पश्चिम बंगाल सरकारने असे खटले जलद चालविण्यासाठी विशेष न्यायालयांचा कायदा केला आणि कोणता खटला तेथे पाठवावयाचा हे सरकारनेच ठरवावयाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा अधिकार समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला. बोस यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र जोडले. वर्गीकरणाच्या शास्त्रीय सूत्रांत न अडकता त्यांनी विचारले की, नव्या प्रजासत्ताकातील निःपक्षपाती व समंजस माणसाच्या सदसद्विवेकाला ही तफावत न्याय्य वाटेल काय? जलद न्याय हवा ही मागणी लोकांची असते आणि ती चुकीची नसते. परंतु वेग कोणासाठी वाढवावयाचा आणि रक्षणाचे नियम कोणासाठी कमी करावयाचे, हे सरकारच्या मर्जीवर सोडले म्हणजे उद्या ती मर्जी कोणाकडे वळेल याचा नेम राहत नाही.

कारकून व शिक्षक वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा एक निकाल त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे १९५१ चा आहे. मुंबईजवळ अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस कमिशनरांनी गोरधनदास भानजी या गृहस्थांना दिली होती. नंतर सरकारकडून सूचना आली आणि परवानगी रद्द झाली. प्रश्न असा की, रद्द करणारा कोण? कायद्याने तो अधिकार कमिशनरांना दिला होता, सरकारला नव्हे. बोस यांनी निर्णय दिला की, अधिकाऱ्याने स्वतः विचार न करता वरून आलेला हुकूम केवळ पुढे पोचविला असेल तर तो त्याचा निर्णयच नव्हे. शिवाय, आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरून लावावयाचा. आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून येऊन सांगितल्याने तो बदलत नाही. वरून सांगितले आहे, हे वाक्य ज्या कार्यालयांत रोज ऐकू येते तेथील प्रत्येकाने हा निकाल वाचावा असे वाटते. त्याच वर्षी जयपूर संस्थानच्या अफूविषयक कायद्याच्या प्रकरणात त्यांनी सांगितले की, जो कायदा लोकांपर्यंत प्रसिद्धच केला नाही, त्याखाली माणसाला शिक्षा करता येत नाही.

दुसरी बाजू

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला तो टाळता येत नाही. न्यायालयांनी गरिबांच्या हिताच्या कायद्यांत अडथळे आणले, जमीनदारी निर्मूलनाला खीळ घातली, मालमत्तेचे रक्षण केले, असा आरोप पन्नाशीच्या दशकात होत होता; आणि तो निराधार नव्हता. सोलापूरच्या सूतगिरणीचे उदाहरण पाहा. १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली आणि हजारो कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली. सरकारने १९५० साली वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. १९५३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा ताबा नुकसानभरपाईवाचून मालमत्ता घेण्यासारखा आहे असे ठरवून वटहुकूम अवैध केला. त्या न्यायपीठावर बोस होते व ते या निर्णयाशी सहमत होते. सोलापूरच्या कामगाराला हा निकाल कसा वाटला असेल हे सांगावयास नको.

परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. सरकारने १९५५ साली संसदेकडून चौथी घटनादुरुस्ती करून घेतली, तिच्यावर उघड चर्चा झाली आणि मालमत्तेविषयीचे कलम बदलण्यात आले. न्यायाधीशाच्या निर्णयाशी सरकारचे पटले नाही तर लोकशाहीत सरकारपुढे हा मार्ग मोकळा असतो. कायदा बदलावयाचा तर तो उजेडात, मतदान घेऊन, नावानिशी बदलावा लागतो. न्यायाधीश बदलणे मात्र अंधारात करता येते; आणि म्हणूनच तो मार्ग धोक्याचा आहे. गिरणी कामगारांच्या हिताचा निर्णय वाकविलेल्या न्यायाधीशाकडून मिळविला असता, तर त्याच न्यायाधीशाने उद्या गिरणीमालकाच्या हिताचाही निर्णय तितक्याच तत्परतेने दिला असता.

मुंध्रा प्रकरण

बोस जून १९५६ मध्ये निवृत्त झाले. परंतु १९५७ च्या सप्टेंबरात त्यांना पुन्हा काही काळ सर्वोच्च न्यायालयात बसण्यास बोलाविण्यात आले. कायद्याचे विद्यार्थी आजही खुनाच्या व्याख्येसंबंधी ज्या विरसा सिंग खटल्याचा अभ्यास करतात, तो निकाल त्यांनी या काळात, मार्च १९५८ मध्ये, लिहिला. याच सुमारास देशात मुंध्रा प्रकरण गाजत होते.

या प्रकरणाचा संबंध तुमच्या-आमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्याच्या हप्त्याशी आहे. २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. लोकांची बचत लोकांच्या हाती राहावी व ती देशाच्या विकासाला लागावी, हा त्यामागील हेतू. स्थापनेला वर्ष होण्याच्या आतच, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. या कंपन्यांची स्थिती नाजूक होती आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारण्यात आले नव्हते. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न धसास लावला. ते पंतप्रधानांचे जावई व सत्तारूढ पक्षाचेच सभासद होते. न्या. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड चौकशी करून काही आठवड्यांतच अहवाल दिला. छागला हे मुंबईचे मुख्य न्यायाधीश. त्या वेळी विदर्भ मुंबई राज्यात असल्याने ते आपलेही मुख्य न्यायाधीश होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

त्यानंतर संबंधित अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी जे मंडळ नेमण्यात आले त्याचे अध्यक्षपद बोस यांच्याकडे आले. चौकशीत त्यांच्यासमोर एक अवघड प्रश्न उभा राहिला. मुंध्राने काँग्रेस पक्षाच्या निधीला देणग्या दिल्या होत्या. या देणग्यांचा आणि भागखरेदीचा परस्परसंबंध असावा काय? बोस यांनी हा संशय मनात न ठेवता बोलून दाखविला. अधिकाऱ्यांपुरते बोलून थांबणे सोयीचे होते; परंतु खालच्या माणसाच्या चुकीची चौकशी करताना ती चूक कोणाच्या सोयीसाठी झाली असावी, हे विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही, असे त्यांना वाटले असावे. त्यांचा हा तर्क पुराव्याच्या पुढे गेला होता काय, यावर मतभेद होऊ शकतो. न्यायाधीशाच्या तर्कावर टीका करण्याचा अधिकार सर्वांना आहे, पंतप्रधानांनाही आहे.

परंतु १९५९ साली पंडित नेहरूंनी एका पत्रकार परिषदेत या विषयावर बोलताना बोस यांच्या तर्कावर टीका करण्याऐवजी त्यांच्या बुद्धीलाच कमी लेखले. वकीलवर्गात याचे तीव्र पडसाद उमटले. मग जे घडले ते आजच्या तरुण वाचकांना कदाचित खरे वाटणार नाही. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या पंतप्रधानांनी बोस यांना पत्र लिहून आपले उद्गार अनुचित होते असे कबूल केले व क्षमा मागितली. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्याकडेही त्यांनी खेद व्यक्त केला. बोस यांनी या अपमानाचे भांडवल केले नाही. त्याच वर्षी जानेवारीत दिल्ली येथे ५३ देशांतील १८५ न्यायाधीश, वकील व कायद्याचे प्राध्यापक यांची परिषद बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती आणि कायद्याच्या राज्याविषयीची दिल्ली घोषणा तीत संमत झाली होती. पुढे १९६६ पर्यंत ते आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचे अध्यक्ष होते. देशातही दालमिया-जैन उद्योगसमूहाच्या चौकशीचे काम न्या. तेंडोलकर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याकडे आले व १९६२ साली त्यांनी अहवाल दिला. खाजगी कंपन्यांतील भागधारकांच्या पैशाची हेराफेरी कोणकोणत्या वाटांनी होते, याचे त्यातील विवेचन वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे असे आहे. २९ नोव्हेंबर १९८३ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, बोस निवर्तले.

दडपणाच्या बदललेल्या वाटा

क्षमापत्राची ती परंपरा फार काळ टिकली नाही. एप्रिल १९७३ मध्ये शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे ठरविले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरविले. एकटे पडलेले न्या. हंसराज खन्ना यांना पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद नाकारण्यात आले. बहुमतातील तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. तोवर एकेचाळीस वर्षे उलटली होती.

हा रोग केवळ आपल्याच देशात आहे असे नव्हे. अमेरिकेत १९३६ ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७ साली सर्वोच्च न्यायालयात आणखी सहापर्यंत न्यायाधीश भरण्याची योजना मांडली. ती हाणून पाडली ती त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या सिनेटने. हंगेरीत २०१२ पासून न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले, तर पोलंडमध्ये २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुरते ते ६५ करण्यात आले. दोन्ही प्रकारांना युरोपीय न्यायालयाने बेकायदेशीर ठरविले. यातून दिसते ते असे की, लोकप्रिय सरकार न्यायाधीशाला धमकी देत बसत नाही. ते त्याचे वय कमी करते, नेमणूक लांबवते, बदली करते, किंवा निवृत्तीनंतरचे पद दुरून दाखविते. बोस यांच्या काळी अपमान तरी उघड होता. त्यामुळे क्षमाही उघड मागावी लागली.

अर्थशास्त्रात आपण विश्वासाला भांडवल मानतो. ठेवीदाराचा विश्वास बँकेच्या तिजोरीत दिसत नाही, पण तो गेला की तिजोरी रिकामी व्हायला दिवस पुरतो. न्यायालयाचेही तसेच आहे. मोबदल्यासाठी भांडणारा शेतकरी, वेतनवाढ अडलेला शिक्षक, नियमाप्रमाणे शेरा मारल्याबद्दल बदली झालेला कारकून, यांच्यापाशी ना पैसा असतो ना वशिला. समोर सरकार असले तरी न्यायाधीश सरकारचा नाही, हा विश्वास एवढेच त्यांचे भांडवल. म्हणून न्यायाधीशांचे स्वातंत्र्य हा न्यायाधीशांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नसून या माणसांच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

बोस यांच्या चरित्रातून घ्यावयाचे ते हेच. त्यांची अनेक मते अल्पमतात राहिली, एक निकाल कामगारांच्या विरुद्ध गेला, एका तर्कावरून पंतप्रधान रुष्ट झाले. परंतु १९४२ च्या इंग्रज सरकारला लावलेले माप त्यांनी १९५१ च्या आणि १९५८ च्या स्वकीय सरकारला लावताना बदलले नाही. आपणही न्यायाधीशांविषयी मत बनविताना हीच कसोटी वापरावी. आपल्या आवडत्या पक्षाच्या सरकारविरुद्ध निकाल गेला म्हणून न्यायाधीशाच्या हेतूवर शंका घेणारा आणि नावडत्या पक्षाविरुद्ध गेला म्हणून त्याचा जयजयकार करणारा नागरिक न्यायाधीशावर तेच दडपण आणीत असतो, जे सरकार आणते. निकालावर टीका जरूर करावी, ती कारणांवर करावी. आणि न्यायाधीशाच्या नेमणुकीत, बदलीत वा निवृत्तीनंतरच्या पदात काही गडबड दिसली तर ती कोणत्याही पक्षाची असो, तीबद्दल विचारावे. फिरोज गांधींनी आपल्याच पक्षाला विचारले होते, याचे स्मरण ठेवावे.